दहापैकी दहा

१

शहर सोडून लहान गावात राहायला जावं की जाऊ नये, हा प्रश्न सरांनी कागदावर सोडवला. मधोमध पट्टीने रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. चौतीस वर्षं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलेला माणूस, ताकच काय, साधं पाणीही फुंकून पिणारा. फायद्यांत लिहिलं: स्वच्छ हवा. लिफ्ट नसलेलं, जमिनीवरचं घर. मोठा रस्ता एकच, म्हणजे बायको वाट चुकणार नाही, आणि चुकलीच तर कोणीतरी हाताला धरून आणून सोडेल. तोट्यांत लिहिलं: मोठं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर. लेक लांब. ओळखीचं कोणी नाही.

या शेवटच्या ओळीपाशी ते दोन दिवस अडले. शहरातल्या इमारतीत चाळीस वर्षांच्या ओळखी होत्या आणि त्याच आता तिच्या अंगावर येत होत्या. जिन्यात कोणी भेटून हसलं की ती घाबरून सरांच्या मागे व्हायची. समोरच्याने दाखवलेली ओळख तिला परत करता यायची नाही. जिथे कोणीच ओळखत नाही तिथे विसरणं उघडं पडत नाही, असा विचार करून सरांनी तीच ओळ डावीकडेही लिहिली. एखाद्या विद्यार्थ्याने एकच गोष्ट दोन्ही रकान्यांत घातली असती तर त्यांनी मार्क कापले असते.

लेकीला हे मुळीच पटलं नव्हतं. आधी तिने गोडीत सांगून पाहिलं, मग चिडून. आईची औषधं, तपासण्या, तुमचा स्वतःचा रक्तदाब, सगळं मोजून दाखवलं. सर प्रत्येक मुद्द्याला "तेही खरं आहे" म्हणत राहिले आणि बांधाबांध करत राहिले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला बरं करायला नेताय की लपवायला?"

सरांनी खोक्याची दोरी आवळली. उत्तर सुचलं असतं तरी ते आधी दोनदा तपासून पाहिल्याशिवाय त्यांनी तोंडाबाहेर काढलं नसतं.

२

भाड्याने घेतलेलं घर मोठ्या रस्त्याच्या टोकाला होतं. एकामागे एक तीन खोल्या: बाहेरची बसायची, मधली झोपायची, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीतून गच्चीकडे जिना जायचा. स्वयंपाकघराची खिडकी बाजूच्या बोळात उघडायची. रस्त्यावर औषधांचं दुकान, त्याला लागून एका शिंपिणीचं, पलीकडे लहानसं वाचनालय. दुपारी एक ते चार सगळं बंद. त्या तीन तासांत असं सामसूम व्हायचं की नळाच्या तोटीतून पडणारे थेंब मोजता यायचे, आणि सर ते मोजायचेही.

माणसं अगत्याची होती. सरांना सगळे सर म्हणायचे, तिला वहिनी. औषधवाल्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की इथे येणाऱ्याला पहिला महिना करमत नाही आणि दुसऱ्या महिन्यात त्याच्याच्याने जाववत नाही. बोलताना तो औषधाच्या पट्ट्या कात्रीने अशा सुबक कापायचा, की त्याच्यावर विश्वास बसायचा.

मेंदूच्या डॉक्टरांनी निघताना दहा प्रश्नांचा कागद दिला होता. रोज सकाळी चहा झाला की तेच दहा प्रश्न विचारायचे आणि बरोबर किती आले तो आकडा वहीत लिहायचा. शहरातला शेवटचा आकडा होता चार. इथे आल्यावर तीन झाला.

चौथा प्रश्न सगळ्यात वाईट होता: तुमच्या मुलीचं नाव काय? ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहायची, जणू नाव तिथेच कुठेतरी लाकडात रुतलेलं आहे. "सांगते हं," म्हणायची, आणि तिचे डोळे भरून यायचे. पंधरा दिवसांनी सरांना ते बघवेना. त्यांनी चौथा प्रश्न खोडला आणि त्याच्या जागी लिहिलं: नळ घराच्या कोणत्या बाजूला आहे? तो तिला आला. मग शहरातला मजला कितवा होता हाही गेला, ती कोणत्या शाळेत शिकवायची हाही गेला. औषधाच्या दुकानाची पाटी कोणत्या रंगाची, बोळात झाडं किती, जिन्याला पायऱ्या किती, असले प्रश्न आले. दीड महिन्यात मूळ कागदावरचा एकच प्रश्न उरला: आज वार कोणता?

आकडा सातवर गेला. प्रश्न बदलले की आकड्यांची तुलना करता येत नाही, हे सर पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच तासाला शिकवायचे. पण सात बघून त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोनवर सात सांगितलं. प्रश्नांबद्दल काही सांगितलं नाही.

३

पायऱ्यांचा प्रश्न मात्र ती रोज चुकायची.

"एकोणीस," ती म्हणायची.

"अठरा," सर दुरुस्त करायचे.

"एकोणीस," ती शांतपणे पुन्हा म्हणायची. कित्येक महिन्यांत तिने कशावरून वाद घातला नव्हता. सरांना आधी बरंच वाटलं. मग ते स्वतः जाऊन मोजून आले, चढताना आणि उतरताना. अठराच होत्या. सलग सात दिवस तिने एकोणीस सांगितलं, आणि आठव्या दिवशी चहाचा कप हातात धरून सर विचारात पडले. न आठवणाऱ्याचं चुकीचं उत्तर रोज वेगळं असतं. तीच चूक सात दिवस करायला आठवण लागते.

त्याच आठवड्यात जिन्याच्या बुडाशी ओल आली म्हणून गवंडी बोलावला. त्याने चार फरश्या उचकटल्या आणि हाक मारली. खाली जुनी जमीन होती, आणि तिच्यावर टेकलेली आणखी एक पायरी. कधीकाळी फरशी वर घेताना ती पुरली गेली होती. किती वर्षं झाली असतील, म्हणून सरांनी विचारलं. वीस तरी, गवंडी म्हणाला. घामेजलेल्या हातांनी त्याने पायरी पुसली तेव्हा तिची मधोमध झिजलेली कड दिसली.

स्वयंपाकघरात ती शेगडीशी पाठमोरी उभी होती. बघायलाही आली नाही. "सांगत होते ना मी," एवढंच म्हणाली.

सरांनी स्वतःला समजावलं. पहिल्या पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा कमी असणार. पायाला ते कळलं असेल, बुद्धीला नाही. घरमालकाचं बोलणं कधी कानावर पडलं असेल. दोन्ही स्पष्टीकरणं पटण्यासारखी होती, आणि एक स्पष्टीकरण पुरे असताना दोन लागतात तेव्हा कुठेतरी पाणी मुरतं, हेही त्यांना ठाऊक होतं. वहीत त्यांनी आठ लिहिलं.

४

थंडी तोंडावर आली तशी तिला जाड कोट हवा होता. शिंपीण अंगाने भरलेली, बोलकी बाई. टाचण्या ओठांत धरूनच गप्पा मारायची आणि एकही पडू द्यायची नाही. सरांनी बायकोला आणलं होतं, पण शिंपिणीने फीत हातातही घेतली नाही.

"माप कशाला? वहिनींचं माप आहे की माझ्याकडे."

सर हसले. त्यांना वाटलं, अनुभवी नजर आहे, बघूनच अंदाज येत असेल. आठ दिवसांनी कोट आला. खांद्यात, पाठीत, उंचीला तंतोतंत. डावी बाही मात्र उजवीपेक्षा बोटभर आखूड होती. सर ते सांगायला जाणार, तोच बायकोने कोट अंगात चढवला आणि दोन्ही बाह्या मनगटावर सारख्या येऊन थांबल्या. लहानपणी झाडावरून पडून तिचा डावा हात कोपरात किंचित वाकडा राहिला होता. लग्नानंतर दोन वर्षं सरांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

परत येताना औषधवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. कोटाकडे बघून त्याने मान डोलावली. वहिनी आता बऱ्या दिसतात, म्हणाला. मध्ये जरा खराबच झाल्या होत्या.

मध्ये म्हणजे कधी, हे विचारायचं सरांच्या ओठांवर आलं होतं. गावात येऊन त्यांना उणेपुरे अडीच महिने झाले होते. पण तेवढ्यात एक वाजला आणि त्याने शटर ओढलं.

५

मग दहा येऊ लागले.

रोज दहा. ती आता सरांच्या आधी उठायची. सर टेबलाशी येऊन बसेपर्यंत चहा तयार असायचा. प्रश्नांची उत्तरं ती शेगडीकडे तोंड करून, काम न थांबवता द्यायची, प्रश्न पुरा व्हायच्या आधीच. वर चेष्टा करायची. म्हणायची, लग्नाला होकार देतानासुद्धा तुम्ही "बहुतेक हो" म्हणाला होतात. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा तोतरा आहे. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि तिने मागून येऊन पाठीवर थोपटलं. ही ती होती. सहा वर्षांपूर्वीची, त्याच्याही आधीची. सरांनी तोट्यांचा रकाना फाडून फेकला नाही इतकंच. त्या दिवसांत त्यांना त्यात लिहिण्यासारखं काहीच सापडलं नसतं.

लेक फोनवर "आईला द्या" म्हणायची. हात ओले आहेत म्हणावं, आतून आवाज यायचा, आणि सर तसंच सांगायचे.

एकदा ती सहज म्हणाली, "पायरीवर जपून हं. गेल्या थंडीत तिथेच घसरला होतात."

गेल्या थंडीत ते शहरात होते. सरांनी तसं म्हटलं नाही. नंतर बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी पायजमा वर केला. डाव्या गुडघ्याखाली एक जुना, पांढरट वण होता. असायचाच. पण तो कशाचा हे त्यांना काही केल्या आठवेना. वय झालं की माणूस असल्या गोष्टी विसरतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी दहा प्रश्न झाल्यावर त्यांनी अकरावा प्रश्न विचारला. खोडलेला, चौथा.

ती जरा थांबली. चमचा भांड्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ती त्यांच्या खुर्चीमागे आली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. हात गार होता.

"आपल्याला कुठली हो मुलगी?" ती म्हणाली. आवाजात नुसती काळजी होती. "तुम्ही हल्ली फार विसरायला लागलात."

सरांनी खिशातून लेकीचा फोटो काढून खांद्यावरून वर धरला. तिने वाकून पाहिला असावा. त्यांना तिचा श्वास जाणवला नाही. गोड आहे मुलगी, ती म्हणाली, आणि कुणाची म्हणून विचारलं.

६

त्या दुपारी एक वाजल्यानंतर गाव बंद झालं आणि सर बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती. त्यांनी उदाहरण मांडून पाहिलं. सगळ्या आठवणी परत आल्या आणि पोटची पोर तेवढी गेली, असं होऊ शकतं का? मेंदूत काहीही होऊ शकतं. शिवाय चूक त्यांचीच होती. ज्याचं उत्तर येत नाही ते विचारणंच त्यांनी बंद केलं होतं. रोज सकाळी हाताने खोडत खोडत त्यांनीच लेकीला तिच्यातून पुसून टाकलं असेल.

आत भांडी लावल्याचे आवाज येत होते. ती काहीतरी गुणगुणत होती.

चष्मा मधल्या खोलीत राहिला म्हणून सर उठले. पडदा ओढलेला होता. चष्मा चाचपताना त्यांचा हात पलंगावर कशावर तरी पडला आणि ते जागीच थिजले. पांघरुणाखाली माणूस होतं.

ती होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड अर्धवट उघडं. केसांच्या जटा झालेल्या. मनगट इतकं बारीक, की कोपरातला जुना बाक आता स्पष्ट दिसत होता. उशाच्या स्टुलावर बशीत पावाचे दोन तुकडे होते, वाळून कडा वर आलेले. आपणच ते ठेवल्याचं सरांना आठवलं. कधी ठेवले ते आठवेना. काल? परवा?

स्वयंपाकघरात गुणगुणणं चालूच होतं.

कड्याच्या टोकावर उभ्या माणसालाही सवय सुटत नाही. सरांनी मनात शक्यता लिहून काढल्या. एक, आपल्याला भास होतो आहे. दोन, आपल्यालाही तोच आजार झाला आहे, आणि चहा आपणच करतो, उत्तरंही आपणच देतो. दोन्ही शक्यता धरून ठेवण्यासारख्या होत्या. त्यांनी त्या धरून ठेवल्या आणि पलंगाशी गुडघे टेकले. तिला हळूच हलवलं.

तिने डोळे उघडले. ती छताकडे, मग पडद्याकडे बघत राहिली. ओठ हलले. सरांनी कान जवळ नेला.

"चिमणी आली का शाळेतून?"

चिमणी म्हणजे लेक. घरातलं नाव. डॉक्टरांच्या कागदावर ते नव्हतं, म्हणून सरांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी पाणी आणायला म्हणून बाहेरच्या खोलीतला माठ गाठला. स्वयंपाकघरात जायचं धाडस झालं नाही. चमच्याने पाणी पाजलं. पाव पाण्यात मऊ करून भरवला. ती लहान मुलासारखी अधाशीपणे खात होती, आणि सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग दारात उभं राहून त्यांनी लेकीला फोन लावला आणि आवाज दाबून सांगितलं, की ये आणि आईला घेऊन जा.

फोन ठेवला तेव्हा आतलं गुणगुणणं थांबलं होतं.

"कुणाशी बोलत होतात?"

"कुणी नाही," सर म्हणाले. "चुकून लागला होता."

गुणगुणणं पुन्हा सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्या वेळात सरांना कळून चुकलं, की पोटच्या पोरीला नाकारायला त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नव्हता.

७

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोचली. गाडी तिने बोळात घेतली, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, म्हणजे आईला फार चालायला नको. गाडीचा आवाज आला तेव्हापासून आत शांतता होती. सरांनी वाकून पाहिलं. स्वयंपाकघर रिकामं होतं. ओटा कोरडा, भांडी पालथी.

आईला बघून लेकीने आधी पडदा बाजूला सारला. तिने पाणी तापवून आईला पुसून काढलं, केसांचा गुंता कात्रीने कापला, तो कोट अंगात घातला. कोट आता खांद्यावरून ओघळत होता. आई तिच्या तोंडाकडे बघत होती आणि मधून मधून "चिमणे" म्हणत होती, एवढंच.

सर पिशवी भरत होते. लेकीला टेबलावर वही सापडली. ती उभ्यानेच पानं उलटत गेली. शेवटच्या पानांवर सरांच्या स्वच्छ अक्षरात तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे तोच आकडा.

"बाबा," ती म्हणाली, "हे दहा कोणाचे आहेत?"

सर पिशवीची चेन लावत राहिले. ती लागलेली होती.

लेकीला वाटायचं ते वाटलं. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज एकदम मऊ केला. तुम्हीही चला, म्हणाली. तुम्हालाही डॉक्टरांना दाखवू. चूक माझीच झाली, तुम्हा दोघांना असं एकटं सोडायलाच नको होतं. सरांना फार बरं वाटलं. आपलं डोकं बिघडलं आहे, ही त्या घटकेला त्यांच्याजवळ उरलेली एकमेव चांगली बातमी होती.

दोघांनी मिळून आईला बाहेर आणलं. रस्त्याच्या तोंडाशी शिंपीण आणि औषधवाला उभे होते. पाहुण्यांना निरोप द्यायला यावं तसे. शिंपिणीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने कोटाकडे पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"या जातायत होय?" ती सरांना म्हणाली. "जाऊ द्या, जाऊ द्या. वहिनी आहेत ना घरात."

लेकीने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती आईला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावण्यात गुंतली होती.

८

सर पुढे बसायला वाकले तेव्हा बायको मागून त्यांच्याकडे बघत होती. मग ती पुढे चालवायला बसलेल्या लेकीकडे झुकली आणि परक्या माणसासमोर बोलावं तसं खालच्या आवाजात तिने विचारलं, "चिमणे, हे कोण गं?"

"आई, बाबा आहेत ते."

बायकोने मान हलवली. उगीच कुणाचं मन मोडू नये म्हणून माणूस हलवतो तशी. जागा करून द्यावी म्हणून ती अंग चोरून जरा बाजूला सरकलीही.

त्याच वेळी डोक्यावरच्या खिडकीतून आवाज आला. मोठा नव्हता. शेचाळीस वर्षं रोज सकाळी यायचा तेवढाच होता.

"अहो, चहा गार होतोय."

लेकीचा किल्लीवरचा हात थांबला. तिने आईकडे पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते. मग तिने हळूहळू मान वर करून खिडकीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "आत कोण आहे?"

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. सरांनी धरून ठेवलेल्या दोन्ही शक्यता तिथेच सुटल्या. डोक्यात बिघाड नव्हता.

ते गाडीचं दार धरून उभे राहिले. मागे बसलेली लेकीला ओळखत होती, त्यांना ओळखत नव्हती. आतली त्यांना ओळखत होती, लेकीला ओळखत नव्हती. गाडीत बसलं तर पुढची वर्षं कशी जातील हे त्यांना अगदी स्पष्ट दिसलं: इस्पितळाचे बाक, चमचा, उशी, आणि रोज सकाळी ते सभ्य, परकं हसू. लेक तेवढ्याने खचणारी नव्हती. ती आईचं सगळं नीट करील. हा विचार त्यांनी दोनदा तपासला. त्यात चूक सापडली नाही, आणि चूक सापडत नाही म्हणून त्यांना स्वतःची शरम वाटली.

"रेडिओ चालू राहिलाय," ते म्हणाले. "बंद करून येतो. तू तोवर गाडी वळवून घे."

"बाबा, नका जाऊ आत."

पण ते निघाले होते. बाहेरच्या खोलीतून मधल्या खोलीत आले. पलंगावर ती झोपायची तिथे गादीला खोलगट आकार राहिला होता. त्यांनी जाता जाता चादर ओढून तो झाकला. पुढे दार उघडं होतं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, केस नीट बांधलेले, पाठ ताठ. शेगडी पेटलेली नव्हती. टेबलाशी त्यांची खुर्ची ओढून ठेवलेली होती.

तेव्हा सरांच्या ध्यानात आलं, की गेल्या महिनाभरात आपण तिचा चेहरा समोरून पाहिलेलाच नाही.

"बसा," ती म्हणाली.

बोळात हॉर्न वाजला. थांबून पुन्हा एकदा, मग बराच वेळ. सर बसले. तिच्या पावलांचा आवाज होत नव्हता, पण ती वळत होती हे त्यांना दिसलं, आणि खांदा पुरता वळायच्या आत त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन्ही हात पुढे केले. कप अलगद तळव्यांत आला.

तो बर्फासारखा गार होता. ओठाला लावला तेव्हा वर धरलेला जाड थर ओठांना चिकटला, आणि खालच्या चहाला कित्येक दिवसांच्या शिळ्या पाण्याचा वास आला. अगदी जवळून, चेहऱ्यासमोरून, कोणीतरी वाट बघत होतं.

सरांनी घोट गिळला.

"छान झालाय," ते म्हणाले.